उताणं झुरळ

आईला व्हिडिओ कॉलवर जुन्या कॉम्प्युटरचा बोर्ड दाखवला तर ती चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, “अरे, मेलंय ना नक्की ते? आधी चिमट्यात धरून बाहेर टाक.”

मेलेलंच होतं. गंमत म्हणजे इकडचे जुन्या कॉम्प्युटरचे शौकीनही त्याला ‘मेलेलं झुरळ’ असंच म्हणतात. चौदा पायांची एक काळी चिप बोर्डावर उताणी चिकटवलेली, पाय वर, आणि त्यातल्या काही पायांना बारीक वायरी डकवून त्या दुसरीकडे नेलेल्या. नाशिकच्या घरी मोरीत सकाळी दिसायचं, अगदी तसं. आईची काही चूक नव्हती.

हे झुरळ सापडलं म्हणजे हातात आलेला बोर्ड झेडएक्स स्पेक्ट्रमच्या, म्हणजे सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या घरगुती कॉम्प्युटरच्या, अगदी पहिल्या खेपेचा, ‘इश्यू वन’. मी केंब्रिजपासून पाऊण तासावर राहतो. नोकरी सॉफ्टवेअरची, सोल्डरिंग हा शनिवार-रविवारचा नाद. आमच्या गावाबाहेर रविवारी एका शेतात बाजार भरतो, लोक गाडीची डिकी उघडून घरातली अडगळ विकायला मांडतात. तिथे एका बुटांच्या खोक्यात हा पडला होता. खोक्यावर मार्करने लिहिलेलं, ‘बंद आहे, परत घेणार नाही’. मी सहज उचलला आणि थबकलो ते रबरी बटणांच्या रंगामुळे. नंतरच्या स्पेक्ट्रमची बटणं निळसर असतात, ही फिकट राखाडी होती. वीस पौंड सांगितले, वीस दिले. घासाघीस केली नाही याचं बायकोला अजून आश्चर्य वाटतं.

घरी येऊन खालचे पाच स्क्रू काढले. वरचं झाकण अलगद उचलायचं, कारण कीबोर्डच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात. एकीत पाच रेषा, दुसरीत आठ. पाच गुणिले आठ, चाळीस बटणं. पट्ट्या हातात धरताच वाळलेल्या पानासारख्या मोडल्या. ते अपेक्षितच होतं, चाळीस वर्षांनी त्या मोडतातच. खाली झुरळ दिसलं आणि पट्ट्यांचं दुःख तिथेच संपलं.

झुरळाची जन्मकथा थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ ला बाजारात जाहीर झाला. १६ के रॅमचा १२५ पौंडांना, ४८ के चा १७५ ला. रिचर्ड आल्टवासरने हार्डवेअर आखलं, नाइन टाइल्स या छोट्या कंपनीतल्या स्टीव्ह व्हिकर्सने बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा रॉम (चिपमध्ये कायमचा कोरलेला प्रोग्रॅम) लिहिला, रिक डिकिन्सनने पेटी आणि बटणं घडवली. किंमत खाली ठेवायची तर चिपा कमी हव्यात, म्हणून पडदा रंगवणं, कीबोर्ड वाचणं, टेप, आवाज अशी सगळी हमाली एकाच चिपवर टाकली. ती यूएलए. फेरांटी कंपनीकडे आतले गेट्स, म्हणजे हो-नाही ठरवणारी छोटी सर्किटं, आधीच तयार असत, गिऱ्हाइकाने आपला नकाशा द्यायचा आणि त्याप्रमाणे शेवटचा धातूचा थर चढवून घ्यायचा. स्वस्त आणि झटपट. पण नकाशातच चूक राहिली तर खोडरबर चालत नाही, नवा थर आखून पुन्हा घडवून घ्यावी लागते. पहिल्या यूएलएत, म्हणजे ५सी१०२ई मध्ये, चूक राहिली. इकडे टपालाने पैसे पाठवून लोक ताटकळत बसलेले. मग काय करणार? नँड जातीचे चार गेट्स असलेली ७४एलएस०० नावाची एक साधी चिप घेतली, उताणी चिकटवली, वायरी सोल्डर केल्या आणि माल रवाना. पुढे दुरुस्त यूएलए आली, नवा बोर्ड आला, झुरळ गेलं.

आपल्याकडे याला जुगाड म्हणतात आणि तो फक्त आपल्याकडेच होतो असंही म्हणतात.

काही शौकीन असा बोर्ड मिळाला की नंतरची ५सी११२ई बसवून झुरळ काढून टाकतात. बोर्ड स्वच्छ दिसतो. मलाही सल्ला मिळाला. मी दोन आठवडे बोर्डाला हात न लावता ठेवला आणि एका शनिवारी केंब्रिजला सेंटर फॉर कॉम्प्युटिंग हिस्टरीत गेलो. कोल्डहॅम्स रोडला आत वळलं की रेने कोर्ट नावाच्या गल्लीत, गोदामासारख्या इमारतीत हे संग्रहालय आहे. स्पेक्ट्रमचा एक प्रोटोटाइप तिथे आहे. नाइन टाइल्सच्या जॉन ग्रँटने तो २०१९ मध्ये दिला. व्हिकर्सला रॉम लिहायचा तर समोर मशीन हवं, म्हणून सिंक्लेअरकडून नाइन टाइल्सला गेलेला हा बोर्ड. छापील सर्किट नाही. एकेका पिनेला हाताने वायर गुंडाळून बांधलेला. वर रबरी बटणं नाहीत, चांगला खटखट वाजणारा, खोल दबणारा कीबोर्ड आहे. ज्याने पुढे लाखो पोरांना रबरावर बोटं दुखवायला लावली त्याची जडणघडण झाली ती अशा सुखाच्या कीबोर्डवर, हे पाहून थोडं हसू आलं.

त्या वायरींच्या जंजाळाकडे मी बराच वेळ बघत राहिलो. एका वायरीचं टोक कुठे जातं ते डोळ्यांनी शोधायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पण एक लक्षात आलं. तिथे वायर ही दुरुस्ती नाही, सगळं यंत्रच वायरीचं आहे. चूक सापडली की एक वायर सोडायची, दुसरीकडे गुंडाळायची. माझ्या बोर्डावरच्या झुरळाच्या वायरी म्हणजे त्याच हाताची सवय, कारखान्यापर्यंत पोचलेली. स्कॉटलंडात डंडीच्या टायमेक्स कारखान्यात छापील बोर्ड बनायला लागले तरी प्रोटोटाइप पुरता सुटला नव्हता. घाई रॉममध्येही दिसते. १६ के च्या रॉममध्ये अक्षरांच्या आकृत्या सुरू होण्याआधी ११७० बाइट्स चक्क रिकाम्या आहेत, पुढे काहीतरी भरायचं म्हणून राखलेल्या. ते भरलं गेलंच नाही. आल्टवासर आणि व्हिकर्स त्याच वर्षी बाहेर पडले आणि दोघांनी मिळून ज्युपिटर एस नावाचा स्वतःचा कॉम्प्युटर काढला.

परतीच्या गाडीत ठरवलं, झुरळ राहील. बाकी जे मेलंय ते जिवंत करायचं.

आता खरं काम. पहिला नियम: खोक्यातला अडॅप्टर खोक्यातच ठेवायचा. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट लागतात, पण जॅकच्या मधल्या बाजूला ऋण आणि बाहेर धन. आजचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे. खोक्यात कुणीतरी असाच एक नवा अडॅप्टर ठेवला होता, त्यावर ‘९ व्होल्ट’ला पेनाने गोल केलेला. म्हणजे मशीन कसं गेलं याचा पंचनामा आयताच हातात.

रॅमच्या आठ चिपा ४११६ जातीच्या. ही जात जुन्या वळणाची आहे, तिला एका व्होल्टेजवर भागत नाही. पाच हवेत, बारा हवेत आणि उणे पाचही हवेत. नवातून पाच काढायला साधा ७८०५ रेग्युलेटर आहे, पण बारा आणि उणे पाचसाठी एक कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर मिळून नाचतात. त्यातला टीआर४, म्हणजे झेडटीएक्स६५०, हा पहिला बळी. तो गेला की उणे पाच जातात, आणि उणे पाच नसताना बारा मिळत राहिले तर ४११६ भराभर मरतात. मरताना कधी शॉर्ट होतात, मग तो शॉर्ट नव्या टीआर४ लाही घेऊन जातो. सासू-सुनेचं भांडण. एकीला शांत केल्याशिवाय दुसरीकडे जाऊन उपयोग नाही.

मल्टीमीटरने पाहिलं तर टीआर४ आरपार शॉर्ट. कॉइलचा एक कोपरा काळवंडलेला, वास घेतला तर अजूनही जळका यायचा, किंवा मला तसं वाटलं. ४११६ च्या आठव्या पायावर बारा व्होल्ट येतात. तो पाय आणि सोळावा, म्हणजे ग्राउंड, यांच्यामध्ये शॉर्ट नव्हता. निदान इतकं बरं. दोन्ही ट्रान्झिस्टर बदलले, कॉइल नवी घातली, जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे काढले. झुरळाच्या एका पायाचं सोल्डर भुरभुरीत झालं होतं, तिथे इस्त्री टेकवून (मी सोल्डरिंग आयर्नला अजून इस्त्रीच म्हणतो, नाशिकच्या रेडिओवाल्याकडून लागलेली सवय) एक थेंब नवं सोल्डर दिलं. बस, तेवढाच स्पर्श.

मग बेंचवरच्या पॉवर सप्लायला करंटची मर्यादा घालून नऊ व्होल्ट दिले. एक हात बटणावर, दुसऱ्या हातात मीटर, श्वास रोखलेला. पहिल्या पायावर उणे ४.९. आठव्यावर १२.१. नवव्यावर ५. मी उठून चहा करून आलो, तोवर चालूच ठेवलं. काही फुटलं नाही.

टीव्ही हा वेगळा प्रश्न. स्पेक्ट्रम अँटेनाच्या वायरीतून ३६ नंबरच्या चॅनेलवर चित्र पाठवतो. बहुतेक जण हे काम करणाऱ्या आतल्या मॉड्युलेटरला वळसा देऊन सरळ व्हिडिओ बाहेर काढतात, दहा मिनिटांचं काम आहे आणि चित्र खूप साफ येतं. मी केलं नाही. हट्ट म्हणा. धर्मादाय दुकानातून चौदा इंची डबडा टीव्ही आणला, तो जड इतका की पाठीत उसण भरली.

पडदा हिरवा झाला. हिरव्यावर लाल उभ्या रेघा.

इथे मला जो आनंद झाला तो घरात कुणालाच समजावून सांगता आला नाही, म्हणून इथे सांगतो. स्पेक्ट्रम चालू होताच सगळ्या रॅममध्ये २ हा आकडा भरतो. मग एकेका जागी जाऊन त्यातून एक वजा, पुन्हा एक वजा, शून्य आलं का ते बघतो. पडद्याचं चित्र त्याच रॅममध्ये राहत असल्यामुळे हे दोनाचे आकडे आपल्याला दिसतात. बाइट म्हणजे आठ बिट, शून्य किंवा एक; २ म्हणजे ००००००१०, म्हणून आठ ठिपक्यांत डावीकडून सातवा ठिपका पेटलेला, आणि रंगाच्या भाषेत २ म्हणजे काळ्या कागदावर (मागचा रंग) लाल शाई (ठिपक्यांचा रंग). धडधाकट मशीनवरही क्षणभर काळ्या पडद्यावर लाल रेघा दिसतात त्या यामुळे. माझ्याकडे कागद हिरवा होता आणि रेघा दुप्पट होत्या. भिंग घेऊन टीव्हीला नाक लावलं. प्रत्येक आठ ठिपक्यांच्या घरात सातवा लाल, तो हक्काचा. तिसराही लाल, तो आगंतुक. डावीकडून तिसरा ठिपका म्हणजे ३२ किमतीचा बिट. आणि रंगाच्या बाइटमध्ये हाच ३२ चा बिट कागदाला हिरवा करतो. २ च्या जागी सगळीकडे ३४ बसलेत! आठ चिपांपैकी प्रत्येकीकडे बाइटचा एकेक बिट असतो, म्हणजे सात चिपा निर्दोष आणि एकच चिप ‘एक, एक, एक’ करत अडून बसलेली. कोणती, ते पडद्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्या चिपेवर बोट ठेवलं तर चटका बसला. शेजारणी कोमट.

चिप बदलणं मात्र लाजिरवाणं झालं. एका विक्रेत्याकडून आठ ४११६ मागवल्या. दोनींवर छपाई जरा जास्तच पांढरी दिसली. बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन पुसलं तर आकडे पुसले जाऊन खाली वेगळेच निघाले. उरलेल्या सहांतली एक घेतली. जुनीचे पाय कात्रीने छाटून एकेक पाय गरम करून ओढायचा, ही सुरक्षित पद्धत. पंधरा पाय सुरेख निघाले. सोळाव्याला मी घाई केली आणि त्याच्याबरोबर तांब्याची गोल टिकलीही उचकटून आली. बोर्ड १९८२ चा, टिकली १९८२ ची, इतक्या वर्षांत ती कुणी उचकटली नव्हती, ती मी उचकटली. अर्धा तास नुसता बसून राहिलो. मग लाखेचं आवरण असलेली बारीक तार घेतली, बोर्डाच्या खालून ट्रॅकचा पुढचा सांधा शोधला आणि तिथपर्यंत तार नेली. आता या बोर्डावर एक वायर केंब्रिजवाल्यांची नाही, माझी आहे. वरून दिसत नाही, पण मला माहीत आहे.

पुन्हा चालू केलं. काळा, क्षणभर लाल रेघा, मग पांढरा पडदा आणि तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ.

कीबोर्डची नवी पट्टी आजही बनवून विकतात. ती घालायला वरचा काळा पत्रा काढावा लागतो, तो दुतर्फा चिकटपट्टीने बसवलेला. हेअर ड्रायरने शेकत, गिटार वाजवायच्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने कडेकडेने सोडवला, तरी एका कोपऱ्यात किंचित बाक आलाच. राखाडी रबर साबणाच्या पाण्यात बुडवलं. पाण्याचा रंग सांगत नाही.

सगळं जोडून पहिली आज्ञा टाइप केली. स्पेक्ट्रमवर ‘प्रिंट’ असं अक्षरं जुळवून लिहायचं नसतं, ‘पी’ दाबलं की अख्खा शब्द उमटतो. मेमरीतली एखादी जागा वाचणाऱ्या ‘पीक’साठी दोन्ही शिफ्ट एकत्र दाबून मग ‘ओ’. बोटांना हे आठवत होतं, मला नाही. २३७३२ आणि २३७३३ या दोन जागा वाचल्या की रॅम कुठवर आहे ते कळतं. उत्तर आलं ३२७६७. पूर्ण १६ के.

बोटांना आठवत होतं ते दादामुळे. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. डेसिबेल्स कंपनी भारतात परवान्याखाली जो डीबी स्पेक्ट्रम प्लस बनवायची, तो १९८९ मध्ये त्याच्याकडे आला. त्याला रबरी नाही, कडक प्लॅस्टिकची बटणं. आत्याच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पाच पोरं ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर मांडी घालून बसायचो. टेपवरून खेळ चढायला पाच-पाच मिनिटं, किंकाळ्या ऐकत. चौथ्या मिनिटाला लाइट जायचे. दादा मात्र खेळांपेक्षा प्रोग्रॅम लिहायचा. त्याचा सगळ्यांत गाजलेला प्रोग्रॅम ‘राशी’: जन्मतारीख टाका, भविष्य ऐका. बाराही राशींची भविष्यं त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून डेटात भरली होती. गल्लीतल्या बायका यायच्या. आत्या लाडू द्यायची.

आई मे महिन्यात इकडे आली ती थालीपीठाच्या भाजणीच्या डब्यात पिशवीत गुंडाळून एक कॅसेट घेऊन. “दादाने दिलीय. म्हणाला, त्याच्या झुरळवाल्या यंत्रात चालते का बघ.”

टेपरेकॉर्डर होता. वायर ‘इअर’ लिहिलेल्या भोकात घातली. ‘जे’ दाबलं, ‘लोड’ उमटलं, दोन अवतरणचिन्हं टाकली. पहिल्या तीन वेळा काहीच नाही. मग टेप वाचणाऱ्या हेडजवळचा बारीक स्क्रू फिरवत गेलो, आवाज जसा टोकदार होत गेला तसा हात थांबवला. पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे स्थिर झाले, मग निळे-पिवळे बारीक पट्टे थरथरले, आणि ओळ आली: ‘प्रोग्रॅम: राशी’. आई माझ्यामागे उभी होती, तिने हात जोडले, कशाला ते तिलाच माहीत.

पाच मिनिटं थांबायची वेळच आली नाही. लगेच खाली दुसरी ओळ: ‘४ आउट ऑफ मेमरी’.

दादाचा डीबी ४८ के चा होता. माझ्या इश्यू वनमध्ये पडदा आणि यंत्राचा संसार वजा जाता प्रोग्रॅमला नऊ के सुद्धा उरत नाहीत, आणि बारा राशींचं भविष्य त्यात मावत नव्हतं. मी तिथूनच दादाला फोन लावला. त्याच्याकडे रात्रीचे साडेदहा. सगळं ऐकून घेतलं, मग थोडा वेळ गप्प. मला वाटलं, वाईट वाटलं याला.

“मग अर्ध्याच घाल की,” तो म्हणाला. “सहा राशी मावतील. पण मेषेपासून सुरू करू नकोस, तुळेपासून कर. माझी वृश्चिक आहे.”